मंगळवार चंद्रपूरला द्या

जुळे सोलापूरहून एका वाचकाचे पत्र आले आहे. घरात पाच माणसे: नवरा-बायको, ६८ वर्षांची आई, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. बार्शीकडे वाघ फिरत असल्याच्या बातम्या आल्यापासून मुलीने ताडोब्याचा धोशा लावला आहे. मुलाला किल्ले आणि इतिहास हवा आहे. एका एजंटाने दोन रात्री-तीन दिवसांचे पॅकेज दिले असून त्यात ‘वाघ दिसणारच’ असे सांगून एकाच दिवशी दोन सफाऱ्या आणि त्यांच्या मधल्या वेळेत ‘चंद्रपूर दर्शन’ बसवले आहे. वाचकांचे प्रश्न असे: मे महिन्यात जावे की दिवाळीच्या सुट्टीत? आईचे गुडघे दुखतात, तिला न्यावे का? आपली गाडी न्यावी का? आणि हे पॅकेज घ्यावे का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. आईंना जरूर न्या. दिवाळीच्या सुट्टीत जा. गाडी आपली न्या. हे पॅकेज घेऊ नका. तीन दिवसांत सोलापूरहून ताडोबा होत नाही, कारण जाण्या-येण्यातच दोन दिवस जातात. सहा दिवस काढता येत असतील तर जंगल आणि शहर दोन्ही नीट पाहून होतील. चारच दिवस मिळणार असतील तर बेत पुढच्या सुट्टीपर्यंत थांबवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मे की दिवाळी, याचा निकाल वाघावर न लावता शहरावर लावा. मे महिन्यात पाणवठे आटलेले असतात, पानगळ झालेली असते, त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरे. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी नऊनंतर तटबंदीवर हात टेकवत नाही. ६८ वर्षांच्या बाईंना दुपारी दोन वाजता उघड्या जिप्सीत बसवणे तर धोक्याचेच आहे. दिवाळीत गवत उंच आणि पाणी जागोजाग असते, वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यायची गरज नसते, म्हणून साइटिंग कमी होते. त्यावर एकच उपाय आहे, सफाऱ्यांची संख्या वाढवणे. एका सफारीवर सगळी सहल टांगू नका. चार सफाऱ्या धरा. चारही वेळा वाघ दिसला नाही असेही होऊ शकते आणि हे मुलीला निघण्याआधीच सांगून ठेवा. ‘दिसणारच’ असे म्हणणारा माणूस जंगलाबद्दल खोटे बोलतो आहे, मग तो परमिटबद्दलही खरे बोलेल याची खात्री काय?

(पावसाळ्याचा विचार कुणी सुचवला तर लक्षात ठेवा, १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो.)

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ती गोष्ट, गेट. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प एकूण सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. त्यातला सुमारे ६२५ चौरस किलोमीटर कोअर, बाकीचा त्याभोवतीचा पट्टा म्हणजे बफर. कोअरमध्ये शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी वेगवेगळी गेट आहेत. परमिट गेटचे असते, ‘ताडोबा’चे नसते. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला, नागपूरहून येणाऱ्यांच्या सोयीचे. एका गेटवरून दुसऱ्या गेटला जंगलातून गाडी नेता येत नाही, बाहेरून वळसा घालावा लागतो आणि त्यात दोन तासांहून जास्त वेळ जातो. राहायची खोली कोलाऱ्याला आणि पहाटेचे परमिट मोहर्लीचे, अशी गफलत झाली की पहाटे तीनला उठूनही गेटवर उशीर होतो. उशीर झाला की सफारीचे पैसे परत मिळत नाहीत. तुम्हाला शहर पाहायचे आहे, तेव्हा मोहर्लीच घ्या. राहण्याची व्यवस्थाही मोहर्लीतच करा. एमटीडीसीचे (राज्य पर्यटन महामंडळाचे) निवास तिथे आहे, खासगीही बरीच आहेत. चंद्रपुरात राहून पहाटेची सफारी धरली तर पावणेपाचला अंधारात निघावे लागते आणि तो रस्ता बफरमधून जातो, जनावर केव्हाही आडवे येते.

बफरला कमी लेखू नका. एजंट लोक कोअरचे पैसे घेऊन बफरचे परमिट देतात म्हणून बफर बदनाम झाला आहे. वाघाला ही रेषा माहीत नसते. मोहर्लीजवळचे आगरझरी, देवाडा, जुनोना हे बफरचे भाग उत्तम आहेत, दर कमी असतात आणि तिथे जागा मिळणे तुलनेने सोपे जाते. चारपैकी तीन कोअरच्या आणि एक बफरची सफारी ठेवा.

परमिट वन विभागाच्या ताडोब्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढा. सारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत, पत्त्यात सरकारी ‘महाफॉरेस्ट’ आहे की नाही ते पाहूनच पैसे भरा. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाईड. तुम्ही पाच आहात, तेव्हा अख्खी जिप्सी घ्या. प्रवेश, जिप्सी आणि गाईड असे तीन आकार मिळून एका गाडीची किंमत होते. शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस महाग, बाकीचे दिवस स्वस्त. दिवाळीच्या तारखा फार आधी भरतात, म्हणून बुकिंग उघडण्याची तारीख पाहून ठेवा आणि त्या दिवशी आधी परमिट, मग खोली, या क्रमाने चला. उलटे करणारे लोक खोलीचे पैसे भरून बसतात आणि परमिट मिळत नाही.

परमिटवर प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक छापला जातो. तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते, झेरॉक्स चालेल या भरवशावर राहू नका. आईंच्या आधारवर माहेरचे नाव आणि परमिटवर सासरचे, असल्या फरकाने गेटवर अडवणूक होते. मुलांची आधार कार्डेही सोबत हवीत.

ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद असतो. बहुतेक लोक या दिवसाला वैतागून बेत बदलतात. तुम्ही मात्र सगळी सहल या मंगळवाराभोवती उभी करा. भाऊबीजेनंतरच्या रविवारी पहाटे सोलापूर सोडा. तुळजापूर, औसा, लातूर, नांदेड, यवतमाळ असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरायचा आणि यवतमाळहून वणीमार्गे चंद्रपूरकडे वळायचे. सगळे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. एका दमात करू नका. रविवारी औशाचा भुईकोट किल्ला मुलाला दाखवा, त्यासाठी दोन तास पुरतात. मुक्काम नांदेडला. संध्याकाळी सचखंड हुजूर साहिबचे दर्शन आणि लंगर. सोमवारी सकाळी सहाला निघालात तर दुपारी एकच्या सुमारास मोहर्ली येते आणि दुपारची बफर सफारी मिळते. बफरची साप्ताहिक सुट्टी कोअरपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून तुमच्या गेटला सोमवार चालू आहे ना ते परमिट काढतानाच पाहा.

मंगळवार चंद्रपूर. बुधवारी सकाळी आणि दुपारी कोअर. गुरुवारी सकाळी कोअरची शेवटची सफारी आणि परतीचा रस्ता. यवतमाळला मुक्काम करून शुक्रवारी रात्रीपर्यंत घरी.

एजंटाच्या पॅकेजात शहर दोन सफाऱ्यांच्या मधल्या वेळेत बसवले आहे, तेच त्याचे सगळ्यात वाईट अंग. सकाळची सफारी दहाच्या सुमारास संपते, दुपारची दोन-अडीचला सुरू होते. मधल्या चार तासांत तीस किलोमीटर जाऊन, जेवून, तीस किलोमीटर परत यायचे म्हटले तर शहरात हातात तासभर उरतो आणि दुपारच्या सफारीत घरातले सगळे डुलक्या घेतात. तो वेळ जेवण आणि झोपेचाच आहे.

रेल्वेने जायचे झाले तर कुर्डुवाडीहून लातूर-परळी-अकोलामार्गे जाणारी कोल्हापूर-नागपूर एक्सप्रेस वर्ध्याला नेते आणि तिथून चंद्रपूर गाठता येते. पण ती रोज धावत नाही, आणि शहरापासून मोहर्लीपर्यंत पुन्हा टॅक्सी लागतेच. पाच माणसांना आपली गाडी बरी. मात्र आपली गाडी सफारीला आत नेता येत नाही, ती गेटबाहेर किंवा निवासावर ठेवायची.

सफारीतल्या चार तासांबद्दल. गेटवर अर्धा तास आधी पोहोचा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तो खोलीवरच ठेवा आणि मुलाच्या हातात साधा कॅमेरा द्या. दुर्बीण ८ बाय ४२ची घ्या. १२ किंवा १६ पट मोठे दाखवणारी दुर्बीण हलत्या जिप्सीत थरथरते आणि मुलीला त्यातून काहीच दिसणार नाही. कपडे मातकट किंवा खाकी घाला, पोपटी नको. अत्तर लावू नका. दिवाळीनंतर पहाट गार असते आणि उघड्या गाडीत वारा जास्त लागतो, तेव्हा स्वेटर, कानटोपी, आणि धुळीसाठी सुती रुमाल. दहा वाजेपर्यंत हेच सगळे अंगावरून उतरते, म्हणून एकावर एक असे घाला. पाणी स्टीलच्या बाटलीत. प्लास्टिकची पाकिटे नेऊ नका.

गाईड गेटवर पाळीने मिळतो, बहुतेक जवळच्या गावांतला असतो आणि त्याच्याइतकी माहिती कुठल्याही पॅकेजवाल्याकडे नसते. गाडी सुटण्याआधी त्याला आणि चालकाला एवढे सांगा: वाघ नाही दिसला तरी चालेल, पळवापळवी नको, बाकीचे जंगलही दाखवा. या एका वाक्याने सफारीचा रंग बदलतो. पर्यटक वाघासाठी घाई करतात म्हणून चालक वायरलेससारख्या एकमेकांच्या निरोपांवर धावतात आणि शेवटी वीस गाड्यांच्या गर्दीत वाघाची शेपटी दिसते. उलट पाणवठ्याजवळ इंजीन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबले तर कॉल, म्हणजे शिकारी प्राण्याची चाहूल लागलेल्या जनावरांच्या इशाऱ्याच्या हाका, ऐकू येतात. वानर झाडावरून खेकसते, चितळ तीक्ष्ण ओरडते, पण ही दोघे कधीकधी बिबट्याला, कोल्ह्याला किंवा नुसत्या हालचालीलाही ओरडतात. सांबर मात्र उगीच ओरडत नाही. त्याचा खोल, भोंग्यासारखा ‘ढाँक’ पुन्हा पुन्हा एकाच दिशेने आला तर तिथे वाघ किंवा बिबट्या असण्याची शक्यता पुष्कळ, मग हलू नका. मुलांना हे आधी शिकवून ठेवा, कानाने शोधायला लागली की कंटाळत नाहीत.

वाघाशिवाय ताडोब्यात पाहण्यासारखे बरेच आहे. रानकुत्र्यांचा कळप, रानगवा, अस्वल, चौशिंगा. ताडोबा तळ्यात मगरी. सागाच्या आणि बांबूच्या गर्दीत पांढऱ्याफटक सालीचे कांडोळाचे झाड एकदा ओळखले की मुलगी दिवसभर तेच मोजत बसेल. १९५५ साली जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. मोहर्लीहून ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभे जुने दगडी खांब गाईडला आवर्जून विचारा. गोंड राजा शिकारीला निघाला की या खांबांवरून बांधलेल्या दोराला ओढून घंटा वाजवत निरोप पुढे जाई, असे सांगतात. हेच खांब तुमच्या सहलीतले जंगल आणि शहर जोडतात, मुलाला मंगळवारी ते आठवून द्या.

आईंबद्दल. चारही सफाऱ्या त्यांनी करू नयेत, दोन पुरेत: सोमवारची बफरची आणि बुधवारची सकाळची. बुधवारी दुपारी त्या खोलीवर विसावा घेतील, तेव्हा घरातल्या एका मोठ्या माणसाने त्यांच्यासोबत थांबावे. जिप्सीत त्यांची जागा चालकाच्या लगेच मागच्या ओळीत. मागची ओळ चाकांवर येते, तिथे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट कमरेत बसतो. जिप्सीची पायरी उंच असते, निवासावरून लाकडी स्टूल मागून घ्या आणि निवासावरच चढवा. बुडाखाली जाड उशी, गुडघ्यावर पट्टा. ठरलेल्या विसाव्याच्या जागेखेरीज खाली उतरता येत नाही, म्हणून पहाटेचा चहा अर्धा कपच. मात्र बाथरूमच्या धास्तीने पाणी पूर्ण बंद करू नये, दुपारी चक्कर येते. मणक्याचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसत्या गुडघेदुखीने सफारी अडत नाही.

आता मंगळवार, आणि मुलाची सहल.

सोलापूरकर ‘किल्ला’ म्हणताच खंदक, दुहेरी तट आणि आत बाग असा आपला भुईकोट डोळ्यांपुढे आणतात. चंद्रपुरात तसे शोधायला गेलात तर निराश व्हाल. इथे किल्ला म्हणजे अख्ख्या जुन्या शहराभोवतीचा परकोट, आणि शहर अजून त्याच्या आत नांदते आहे. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधली ही जागा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने राजधानीसाठी निवडली. त्याआधी गोंडांची राजधानी बल्लारपूरला होती. कथा अशी सांगतात, की शिकारीला गेलेल्या राजाच्या कुत्र्याचा एका सशाने उलटा पाठलाग केला आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट उभा राहिला. तटाचे काम पुढच्या कित्येक राजांच्या काळात चालू राहिले. चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय छोट्या खिडक्या, म्हणजे तटातली लहान दारे. प्रत्येक दरवाजावर गोंडांचे राजचिन्ह कोरले आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. मुलाला चारही दरवाजांवरची ही शिल्पे शोधून त्यांत काय फरक आहे ते टिपायला सांगा. त्याच्यासाठी याहून चांगला कार्यक्रम नाही.

सकाळी साडेसातला जटपुऱ्यापासून सुरुवात करा, नऊनंतर तिथली वाहतूक फार वाढते आणि दरवाजाचा फोटोसुद्धा घेता येत नाही. तिथून रामाळा तलावाच्या बाजूला बगड खिडकीकडे जा. तटावर वाढलेली झाडे-झुडपे २०१७पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदानाने साफ केली आहेत, म्हणून तटावरून चालता येते. आईंनी खाली थांबावे, पायऱ्या उंच आहेत. पुढे अंचलेश्वर दरवाजा, बाहेर पडल्यावर झरपटीच्या काठी अंचलेश्वराचे देऊळ आणि लागूनच गोंड राजांच्या समाध्या. राणी हिराईने बीरशहाची बांधलेली समाधी इथे आहे. विधवा राणीने राज्य सांभाळून पतीची अशी समाधी बांधावी, ही गोष्ट मुलीला सविस्तर सांगा. महाकालीचे देऊळ जवळच आहे, आईंना तिथे बसता येईल. (चैत्रात मात्र इकडे येऊ नका, यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून एवढी गर्दी लोटते की शहरात गाडी लावायला जागा उरत नाही.)

दुपारच्या जेवणाआधी लालपेठच्या अपूर्ण मूर्ती पाहून घ्या. उघड्यावर पडलेल्या अवाढव्य दगडी मूर्ती आहेत, त्यांतली दहा तोंडांची दुर्गा सुमारे २५ फुटांची. मंदिर बांधायचे राहून गेले आणि मूर्ती आहेत तिथेच राहिल्या. वेळ अर्धा तास पुरतो.

जुन्या राजवाड्याच्या जागी आता तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. तरी बाहेर थांबून मुलांना बाबुराव शेडमाके यांच्याविषयी सांगा. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या गोंड तरुणाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथे फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून शाळेला जाणाऱ्या सोलापूरच्या मुलांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आणखी एक धागा मुलाला आवडेल: इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला आणि चंद्रपूर हे दोन्ही मे १८१८मध्ये, एकाच महिन्यात घेतले. एक पेशव्यांकडून, दुसरे नागपूरकर भोसल्यांकडून.

पठाणपुरा दरवाजा पाहून चारपर्यंत शहर सोडा. अंधार पडण्याआधी मोहर्ली गाठा आणि लवकर झोपा, बुधवारची पहाट मोठी आहे.

गुरुवारी सफारी आटोपून नाश्ता करून निघालात की वाटेत भद्रावतीला विजासनची लेणी आहेत. टेकडीत लांब बोगद्यासारखी खोदलेली बौद्ध लेणी, प्रत्येक बोगद्याच्या टोकाला बुद्धमूर्ती. आत काळोख असतो, टॉर्च जवळ ठेवा. तिथून वरोरा, वणी. या पट्ट्यात कोळशाचे ट्रक अखंड चालतात, रस्त्यावर काळी भुकटी असते आणि ट्रकच्या मागच्या दिव्यांवर धूळ बसून ते रात्री दिसत नाहीत. वणी उजेडीच ओलांडा.

बार्शीकडे आलेला वाघही याच पट्ट्यातला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून तो डिसेंबर २०२४मध्ये येडशीच्या रामलिंग घाटात दिसला, तुमच्या परतीच्या रस्त्याच्या आसपासचाच मुलूख तुडवत. यवतमाळ ते तुळजापूर गाडी चालवताना मुलांना नकाशा हातात द्या, शेते, गावे, महामार्ग ओलांडत तो कसा आला असेल ते त्यांनाच काढू द्या.

निघण्याआधी दोन-तीन आठवडे एका रविवारी नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात पहाटे जाऊन या. बार्शी रस्त्यावर, सोलापूरहून वीसेक किलोमीटर. माळढोकाची आशा धरू नका, पण काळविटांचे कळप हमखास दिसतात. दुर्बीण डोळ्याला लावून हलते जनावर पकडायला मुलीला किमान एक सकाळ लागते, ती सकाळ ताडोब्याच्या महागड्या जिप्सीत घालवण्यापेक्षा नान्नजच्या माळावर घालवलेली बरी. कोणाला उन्हाने डोके दुखते, कोण अर्ध्या तासात भूक भूक करते, आईंना गाडीत किती वेळ बसवते, हेही तिथेच कळेल आणि त्याप्रमाणे बुधवारच्या दोन सफाऱ्यांपैकी कोणती कोणी करायची ते ठरवता येईल.